सोनं, पण सराफाकडचं नव्हे: नैसर्गिक सोन्याच्या नमुन्यांबद्दल नेहमीचे प्रश्न

पुण्यात दगड जमवणारे बरेच आहेत. वाघोलीच्या झिओलाइटवर, म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या स्फटिक खनिजांवर हात बसलेली मंडळी इथं घरोघर नसली तरी पेठोपेठी नक्की भेटतात. पण खनिजांच्या कपाटात सोन्याचा तुकडा दिसला की त्याच मंडळींचा सूर बदलतो. अपोफिलाइट हातात घेणारा माणूस स्फटिक बघतो; सोनं हातात घेणारा वजन बघतो. पुढचे प्रश्न प्रदर्शनांत, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत.

नैसर्गिक सोनं म्हणजे नेमकं काय?

खडकात किंवा नदीच्या वाळूत धातूच्याच रूपात तयार मिळणारं सोनं. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम यांच्यासाठी आधी धातुक खणावं लागतं आणि मग भट्टीत त्यातून धातू सोडवावा लागतो. सोनं बाकीच्या मूलद्रव्यांशी फारसं सलगी करत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा सुटंच सापडतं. अपवाद टेल्युरियमचा. कॅलाव्हेराइट, सिल्व्हानाइट ही सोन्याची टेल्युराइड खनिजं आहेत आणि ती दिसायला चंदेरी-पितळी असतात, सोन्यासारखी अजिबात नाहीत. खनिजशास्त्रात नैसर्गिक सोनं हे स्वतंत्र खनिज मानलं जातं: घनाकृती स्फटिक प्रणाली, कठीणपणा (१ ते १० च्या मोह्स मापावर) २.५ ते ३, पाटन (ठरावीक सपाट पातळीत फुटणं) नाही, तुटलं तर कडा दातेरी.

हे किती कॅरेटचं असतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. २४ कॅरेटचं जवळजवळ कधीच नसतं. निसर्गात सोन्याबरोबर चांदी हमखास येते, थोडं तांबं, कधी लोखंडाचा अंश. बहुतेक नमुन्यांत सोनं ८० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान असतं, म्हणजे साधारण १९ ते २३ कॅरेट. चांदी २० टक्क्यांच्या वर गेली की त्याला इलेक्ट्रम म्हणतात; रंग फिका, लिंबासारखा होतो.

नदीतल्या कणांची एक गंमत आहे. कणाच्या बाहेरच्या पातळ थरात चांदी कमी आणि सोनं जास्त असतं, कारण पाण्यात राहून पृष्ठभागावरची चांदी हळूहळू निघून जाते. त्यामुळे कण बाहेरून पिवळाधमक आणि कापला तर आत किंचित फिका. बावनकशी सोन्याची सवय लागलेल्या डोळ्याला हा फिकेपणा खोट वाटतो. संग्राहकाला तो नमुना कुठून आला असेल याचा धागा वाटतो, कारण चांदीचं प्रमाण खाणीखाणीगणिक बदलतं.

वाघोलीच्या किंवा पुण्याजवळच्या खाणीत सोनं सापडेल का?

नाही.

आता कारण. पुण्याखालचा काळा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाण्यानं खनिजं भरली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट. निळ्या कॅव्हान्साइटचे जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीच्या दगडखाणींतून निघाले आहेत आणि परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत त्यांच्या चिठ्ठीवर ‘वाघोली, पुणे’ असं लिहिलेलं असतं. या बाबतीत पुणेकरानं कॉलर ताठ करायला माझी हरकत नाही. पण त्या पोकळ्यांत सोनं नाही.

ज्वालामुखीच्या खडकात सोनं सापडतच नाही, असं मात्र नव्हे. जपान, न्यूझीलंड, रोमानिया इथं सापडतं. तिथं गंधकयुक्त गरम पाणी खडकाच्या भेगांतून दीर्घकाळ खेळत राहिलं, त्यानं सोनं विरघळवून वर आणलं आणि वर आल्यावर पाणी उकळून सोनं मागे राहिलं. आपल्या दख्खनी थरांत असं सोनं वाहणारं चक्र चाललेलं दिसत नाही.

महाराष्ट्रात सोन्याच्या नोंदी आहेत त्या पूर्व विदर्भात, साकोलीच्या पट्ट्यातल्या फार जुन्या खडकांत. सोनझारी समाजाचे लोक त्या भागात आणि छत्तीसगडात पिढ्यान् पिढ्या नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढत आले. पुण्यात वाळूतून सोनं काढणारा एकच माणूस, झारेकरी. तो सराफी गल्ल्यांतली माती आणि गटारातला गाळ धुतो. त्याच्या परातीतलं सोनं खरंच असतं, पण ते एखाद्याच्या कानशीखालून उडालेलं असतं, खडकातून आलेलं नसतं.

पण मला मिळालेल्या दगडात सोनेरी चमकतंय, ते काय?

बांधकामाच्या वाळूत चमकत असेल तर बहुधा अभ्रक. हवापाण्यानं झिजलेलं काळं अभ्रक सोनेरी होतं आणि उन्हात फसवतं. सुईच्या टोकानं दाबा: अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोनं नुसतं दबतं.

दगडात घट्ट बसलेले पितळी चौकोनी तुकडे असतील तर पायराइट. त्याचा कठीणपणा ६ ते ६.५, काचेवर ओरखडा काढतो; सोन्यानं काचेवर ओरखडा निघत नाही. पितळी रंगावर निळी-जांभळी झाक असेल तर चाल्कोपायराइट असण्याची शक्यता जास्त. आयुर्वेदात सुवर्णमाक्षिक म्हणून भस्मासाठी वापरतात ते हेच खनिज. पायराइट आणि चाल्कोपायराइट, दोघांनाही पकडायची सोपी युक्ती म्हणजे बाथरूमच्या टाइलची मागची, बिनचकाकीची बाजू. तिच्यावर घासल्यावर दोघांचा कस हिरवट काळा उमटतो. सोन्याचा पिवळाच राहतो.

आणि एक लक्षात असू द्या. दगड फिरवल्यावर चमक जाते-येते, तर ते सोनं नसण्याचीच शक्यता जास्त. सोनं सावलीतही तेवढंच पिवळं दिसतं. ज्यानं एकदा खरं पाहिलं तो सहसा परत फसत नाही. शंका असते तोवर बहुतेक वेळा ते पायराइटच असतं.

घरी घनता मोजता येते का?

येते, आणि सगळ्यात खात्रीची घरगुती चाचणी हीच. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशातला काटा ऑनलाइन मिळतो. आधी नमुना कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि नमुना बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढे मिलिलिटर त्याचं घनफळ. कोरड्या वजनाला त्यानं भागा.

समजा तुकडा १२ ग्रॅमचा आणि पाण्यात काटा ०.६८ दाखवतो. घनता १७.६, म्हणजे साधारण दहा टक्के चांदी असलेलं सोनं. तोच काटा २.४ दाखवत असेल तर घनता ५, म्हणजे पायराइट. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे, नैसर्गिक सोन्याची १५ पासून पुढे असते.

सोनं गारेत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये अडकलेलं असेल तरी हिशेब जमतो. क्वार्ट्झची घनता २.६५ आणि सोन्याची अंदाजे १७.५ धरा. घनफळाला २.६५ नं गुणून ते एकूण वजनातून वजा करा आणि उरलेल्याला १.१८ नं गुणा. ५० ग्रॅमचा दगड, घनफळ १४ मिलिलिटर, तर आत सुमारे १५ ग्रॅम सोनं. दगडात क्वार्ट्झखेरीज पायराइट किंवा दुसरं जड खनिज असेल तर मात्र हा आकडा फुगलेला येईल.

सोनाराकडे नेऊन कसोटीवर घासून घेऊ का?

कसोटीच्या दगडावर घासलं की थोडं सोनं जातंच, ते जाऊ द्या. पण घासलेली जागा सपाट, चकचकीत होते आणि भिंगाखाली कायम दिसते. दागिन्यात ती झाकता येते, स्फटिकाच्या पैलूवर नाही. तेजाबाची तर बातच नको.

त्याऐवजी कॅरेट मीटर असलेला सराफ गाठा. लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक, रविवार पेठ या भागात अशी यंत्रं आता बऱ्याच ठिकाणी आहेत. क्ष-किरणांवर चालणारं हे यंत्र नमुन्याला ओरखडाही न काढता सोनं, चांदी, तांबं, जस्त यांचे टक्के छापून देतं. ते फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे नदीतल्या नगेटचा, म्हणजे सोन्याच्या गोलसर ढेपेचा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा चढा येतो आणि मुलामा दिलेला तुकडाही चांगले आकडे दाखवू शकतो. म्हणून यंत्राचा आकडा आणि घनता दोन्ही एकत्र बघायची.

त्या कागदावर सोन्याच्या आकड्यापेक्षा बाकीचे आकडे नीट वाचा. नैसर्गिक सोन्यात दुसरा क्रमांक चांदीचा असतो, तांबं अगदी नगण्य. कागदावर सोनं ९१.६ आणि उरलेल्यात तांबं-जस्त दिसलं तर समजा की कुणीतरी बांगडी आटवून ‘नगेट’ ओतलं आहे. आणि ९९.९ आलं तर बिस्किट वितळवलंय असा संशय घ्यायला जागा आहे.

काउंटरवरचा माणूस ‘मोडायचंय का?’ असं विचारणारच. त्याचा दोष नाही, त्याच्याकडे येणारं सगळं सोनं त्यासाठीच येतं.

सोनं मुळात खडकात येतं कुठून?

फार मागून सुरुवात करायची तर ताऱ्यांपासून. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या, आणि अशा टकरीत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडतात याला भक्कम पुरावा मिळाला. त्या टकरीनंतरचे रेडिओ तरंग टिपणाऱ्या दुर्बिणींत आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी होती. जुन्नरला जाताना त्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या तर हे आठवा.

पृथ्वीच्या कवचात मात्र सोनं नगण्य आहे: एक टन सर्वसाधारण खडकात सरासरी ४ मिलिग्रॅमच्या आसपास. दिसेल एवढं सोनं साठायला ते कुणीतरी गोळा करावं लागतं आणि ते काम गरम पाणी करतं. जमिनीच्या पोटात काही किलोमीटरवर, साधारण २५० ते ४०० अंश तापमानाला, गंधकाशी जोडी करून सोनं पाण्यात विरघळतं. भूकंपात भेग उघडली की दाब एकदम पडतो, पाण्याची धरून ठेवायची ताकद जाते आणि क्वार्ट्झबरोबर सोनंही भेगेच्या भिंतींवर बसतं. भेग मिटते, पुन्हा दाब वाढतो, पुन्हा उघडते. असं हजारो वेळा झालं की शीर तयार होते.

पण पाण्यात इतकं कमी सोनं असताना एकाच जागी मोठा गोळा कसा जमतो? ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक कल्पना प्रयोगासह मांडली. क्वार्ट्झवर दाब पडला की त्यात वीज निर्माण होते (गॅस पेटवायच्या लायटरमध्येही दाबातून वीज काढायचं तत्त्व तेच). भूकंपाच्या हादऱ्यांनी शिरेतल्या क्वार्ट्झमध्ये वीज तयार होते, ती पाण्यातलं सोनं ओढून घेते, आणि सोनं स्वतः उत्तम वाहक असल्यानं पुढचं सोनंही आधीच्या सोन्यावरच बसत जातं. मला हे पटतं. जुन्या शिरांत सोनं सगळीकडे सारखं न पसरता एखाद्याच ठिकाणी गोळा झालेलं का दिसतं, याला त्यातून तरी उत्तर मिळतं.

नगेट आणि स्फटिक यांत फरक काय?

नगेट म्हणजे नदीनं गोल केलेली ढेप. ती नदीतच वाढते, असं पूर्वी काही जण मानत. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी नगेट कापून आतली रचना पाहिली तेव्हा ती खोल शिरांत गरम परिस्थितीत घडल्याची लक्षणं दिसली. म्हणजे जन्म शिरेत, झीज नदीत.

स्फटिक म्हणजे घासटले न गेलेले, जागच्या जागी वाढलेले. सोन्याचे स्फटिक अष्टफलक, कधी बारा फलकांचे आणि क्वचित घनाकृती असतात, पण ठसठशीत पैलूंचे फार कमी. बहुतेक वेळा वाढ एका दिशेनं धावते आणि पानं, तारा, नेच्याच्या पात्यासारखी जाळी तयार होते. पानावर भिंगातून पाहिलं तर बारीक त्रिकोण दिसतात. हे त्रिकोण दिसले की माझा जीव जरा भांड्यात पडतो, कारण ओतीव नकलेत ते स्वच्छ उतरत नाहीत.

नावाजलेले नमुने सांगायचे तर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला लाट्रोब नगेट आधी. नाव नगेट, पण आहे घनाकृती स्फटिकांचा झुबका, ७१७ ग्रॅमचा. १८५३ मध्ये व्हिक्टोरियातल्या मॅकआयव्हरला सापडला आणि तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरचं नाव त्याला मिळालं. एवढे मोठे सोन्याचे घन दुसरीकडे क्वचितच दिसतात.

हार्वर्डमधला ‘रॅम्स हॉर्न’ हा दुसरा माझा आवडता. कोलोरॅडोच्या ग्राउंड हॉग खाणीत १८८७ मध्ये मिळालेला, मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला तारांचा जुडगा, वजन २६३ ग्रॅम. अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलॅमॉस प्रयोगशाळेत त्यातून न्यूट्रॉन आरपार सोडून पाहिले तेव्हा कळलं की हा जुडगा अगदी मोजक्या, सलग स्फटिकांचा आहे. तुकडा न कापता आत बघता येतं ही या तंत्राची खरी मजा. कॅलिफोर्नियाच्या मॅरिपोसा भागातला ‘ड्रॅगन’ ह्यूस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचा फोटो पाहिल्यावर नावाचं स्पष्टीकरण लागत नाही.

आजवरचं सर्वांत मोठं नगेट कोणतं?

‘वेलकम स्ट्रेंजर’. ५ फेब्रुवारी १८६९, व्हिक्टोरियातलं मोलिआगुल, जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स. एका झाडाच्या मुळांजवळ, जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर. वजन ७० किलोच्या वर. तोलायला मावेना म्हणून जवळच्या डनॉलीत ऐरणीवर ठेवून फोडलं, आणि मग वितळवलं. आज त्याच्या प्रतिकृती आहेत, ते नाही.

न्यू साउथ वेल्समधल्या हिल एंडचा १८७२ चा ‘होल्टरमन’ तुकडा त्याहून मोठा, २८६ किलोचा, पण तो सोनं मिसळलेला क्वार्ट्झ होता. तोही भरडून सोनं काढलं. होल्टरमन त्या तुकड्यावर हात ठेवून उभा असलेला प्रसिद्ध फोटोसुद्धा जोडकाम आहे. आज पाहता येतील अशांपैकी मोठे म्हणजे ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेच्या संग्रहालयातला सेरा पेलादाचा ‘कनान’, सुमारे ६१ किलोचा, १९८३ मध्ये मिळालेला. आणि १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात मेटल डिटेक्टरनं सापडलेला २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’, जो लास व्हेगासच्या एका कॅसिनोनं विकत घेतला.

सोन्याच्या भावापेक्षा दुप्पट-चौपट पैसे का मोजायचे?

कारण तोळ्याचा भाव हा आटवून उरणाऱ्या धातूचा भाव आहे. नमुन्याची किंमत त्याच्या खाली सहसा जात नाही, पण वर कुठवर जाईल ते आकारावर ठरतं. एक गोल, बिनचेहऱ्याचं पाच ग्रॅमचं नगेट भावाच्या थोडं वर विकलं जातं. त्याच वजनाचा, धारदार पैलूंचा, वाकला-दबला नसलेला आणि खाणीचं नाव पक्कं असलेला स्फटिक त्याच्या कितीतरी पट जातो. पांढऱ्या क्वार्ट्झवर उभं असलेलं एक ग्रॅम सोनंही मोठ्या नगेटला मागं टाकतं.

म्हणून विकत घेताना ‘ग्रॅमला काय पडलं’ हा हिशेब सोडा. तो दागिन्याला शोभतो. इथं विचारायचं ते असं: कुठल्या खाणीचा, कडा शाबूत आहेत का, कुठे दुरुस्ती झाली आहे का, आधी कुणाच्या संग्रहात होता. ही माहिती लिहिलेली जुनी चिठ्ठी गेली की किंमत उतरते, आणि ती परत तयार करता येत नाही. मी तर म्हणेन, चिठ्ठी नसलेला सुंदर तुकडा आणि चिठ्ठी असलेला बरा तुकडा यांत दुसरा घ्या.

भारतातल्या खाणींचे नमुने मिळतात का?

फार क्वचित. कोलारच्या खाणींनी सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलं, तिथली चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, आणि २००१ मध्ये सगळं बंद झालं. पण ते बहुतेक सोनं क्वार्ट्झमध्ये बारीक विखुरलेलं होतं आणि सरळ गिरणीत गेलं. डोळ्यांना सोनं दिसणारा कोलारचा क्वार्ट्झ आणि सोबत विश्वासाची चिठ्ठी असा योग जुळला तर घासाघीस फार ताणू नका.

चालू असलेली मोठी खाण म्हणजे रायचूर जिल्ह्यातली हट्टी. पुण्याहून उद्यान एक्सप्रेसनं रायचूरला उतरता येतं. त्याच जिल्ह्यातल्या मस्कीला अशोकाचं नाव स्पष्ट कोरलेला शिलालेख आहे. तो १९१५ मध्ये बीडन नावाच्या एका सोन्याच्या खाणीच्या अभियंत्याच्या नजरेस पडला. सोनं शोधायला निघालेल्या माणसाला अशोक सापडला!

जुन्या भारतीय संग्रहांत सोनं कमी दिसतं, त्यामागे सुवर्ण नियंत्रणाचा काळही असावा असं मला वाटतं. १९६३ पासून निर्बंध, १४ कॅरेटची सक्ती, मग १९६८ चा कायदा. तो रद्द झाला १९९० मध्ये. तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजीभाई देसाईंच्या १४ कॅरेटच्या सोन्याबद्दल घरातल्या ज्येष्ठांना विचारा, तासभर ऐकायला मिळेल. दागिन्याशिवाय कुठल्याही रूपात सोनं बाळगणं कटकटीचं असताना खडकातलं सोनं कोण जमवणार?

नकली नमुने कसे असतात?

वितळलेलं सोनं पाण्यात ओतून केलेले ओबडधोबड गोळे: गुळगुळीत, गोलाई असलेले, भिंगातून हवेच्या बुडबुड्यांचे खळगे दिसतात. साच्यात ओतलेले: बाजूनं अस्पष्ट शिवण, आणि एकसारखे दोन तुकडे बाजारात. क्वार्ट्झच्या खाचेत चिकटवलेले: यूव्ही टॉर्च मारली की बरेचसे गोंद निळसर उजळतात. शिशावर मुलामा: घनतेत पकडला जातो, शिसं ११.३ च्या आसपास. छोट्या बाटलीत पाण्यात तरंगणारा सोनेरी वर्ख ही फसवणूक नव्हे, पण तो नमुनाही नव्हे. ते मिठाईवर लावतात तसंच कुटून केलेलं सोनं.

सगळ्यात अवघड म्हणजे खरं सोनं, खरा दगड, पण दोघांची गाठ माणसानं घातलेली. सोनं दगडात शिरताना दिसतं का ते बघा. खऱ्या नमुन्यात ते क्वार्ट्झच्या कणांमधून आत जातं, दुसऱ्या बाजूला पुन्हा डोकावतं. चिकटवलेलं वरच्यावर बसलेलं असतं.

साफ कसं करायचं?

कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. बस्स. दागिन्यांना रिठ्याचं पाणी चालतं, इथंही चालेल, पण दागिन्यासारखं चोळायचं नाही. पान वाकलं तर सरळ करताना चुणी राहते. टूथपेस्ट आणि पॉलिश दूर ठेवा.

व्यापारी लोक कॅल्साइट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं आणि क्वार्ट्झ हायड्रोफ्लोरिक आम्लानं विरघळवून सोनं मोकळं करतात. हे दुसरं आम्ल घरात आणूच नका. ते कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि थोड्या आम्लानंही माणूस दगावू शकतो. शिवाय क्वार्ट्झवरचं सोनं क्वार्ट्झवरच छान दिसतं.

घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर तो नमुन्याच्या कपाटापासून लांब ठेवा. पारा सोन्याला लागला की पांढरा डाग धरतो.

पुण्याच्या पावसाळ्यात काही होईल का?

सोन्याला काही नाही. त्याच्या दगडात पायराइट किंवा आर्सेनोपायराइट असेल तर त्यांना होईल: दमट हवेत पायराइट हळूहळू सडतो, पांढरट भुकटी धरतो, त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि चिठ्ठी व खोका दोन्ही खातं. झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि गणपतीपर्यंत एकदोनदा ती तापवून कोरडी करा. कापूस वापरू नका, धागे तारांत अडकतात. तळाशी फोमला नमुन्याच्या आकाराचा खळगा कापा.

बाळगणं कायदेशीर आहे का?

पावतीनं विकत घेतलेला नमुना बाळगायला हरकत नाही, पावती जपा. स्वतः खणून किंवा नदी धुऊन सोनं काढणं वेगळं. खनिजांवर १९५७ चा खाण आणि खनिज कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय ते चालत नाही. परदेशातून आणताना मात्र गफलत होते. प्रवाशांना मिळणारी शुल्कमाफी दागिन्यांसाठी असते; नगेट हा दागिना नाही. ‘दगडच तर आहे’ म्हणून विमानतळावर कस्टम्सच्या हिरव्या मार्गानं बाहेर पडू नका, लाल मार्गानं जाऊन जाहीर करा आणि खरेदीची पावती हातात ठेवा.

पायराइटचं ब्रेसलेट घातल्यानं पैसा येतो का?

विकणाऱ्याकडे येतो.

थोड्या पैशात सुरुवात कशी करावी?

सूक्ष्म नमुन्यांपासून. एक-दोन मिलिमीटरचं सोन्याचं पान छोट्या डबीत, खाणीच्या नावासह. सोन्याचं वजन इतकं कमी असतं की भाव चढला तरी फरक पडत नाही. दहापट दाखवणारं चांगलं भिंग मात्र हवंच, आणि पुढे जमलं तर साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप. मोठ्या नगेटवर नदीनं पुसून टाकलेले त्रिकोण आणि पायऱ्या या पानावर शाबूत असतात. आपल्याकडचे झिओलाइट देऊन बदल्यात घेता येतात, हा पुणेकरांचा खास फायदा. परदेशातल्या संग्राहकाला वाघोलीचा बरा कॅव्हान्साइट दाखवा, बोलणं लगेच सुरू होतं.

आजोबांच्या पेटीत सोन्याची ठिपकी असलेला दगड मिळाला, आता काय करू?

धुऊ नका, फोडू नका, सोबतचा कागद टाकू नका, मग तो कितीही जीर्ण असो. आजोबा कुठे नोकरीला होते ते घरात विचारा. कोलार, हट्टी, रेल्वे, खाण खातं, आफ्रिका, काहीही उपयोगी पडतं. उत्तरं तारखेसह लिहून दगडाबरोबर ठेवा. मग घनता काढा, टाइलवर एका न दिसणाऱ्या कोपऱ्याचा कस बघा. पिवळा आला तर कॅरेट मीटरवर न्या, पण यंत्राच्या खिडकीवर ठेवताना तो तुमच्याच हातानं ठेवा.